बिनमहत्त्वाचे बोलणे : हौशी बिनतारीची शंभर वर्षे

हौशी रेडिओचालकांनी एकमेकांशी काय बोलावे, याविषयी आंतरराष्ट्रीय नियमावलीत अनेक दशके एक मासलेवाईक कलम होते. त्याचा आशय असा : या मंडळींनी आपापल्या यंत्रांच्या चाचण्यांबद्दल तांत्रिक स्वरूपाचे बोलावे, किंवा मग अशा खासगी गोष्टी बोलाव्यात की ज्या त्यांच्या क्षुल्लकपणामुळे तार वा टेलिफोन करण्याच्या लायकीच्या नाहीत. आपल्याकडच्या नियमांतही हीच भाषा उतरली. म्हणजे बोलायला परवाना होता, पण बोलण्यात महत्त्वाचे काही नसेल तर.

कलम हास्यास्पद वाटते, पण ते लिहिणारी माणसे खुळी नव्हती. संदेश पोहोचवणे हा जगभर सरकारी मक्त्याचा धंदा होता, आणि तारेच्या प्रत्येक शब्दाला पैसे पडत. घराच्या गच्चीवर तार टांगून कोणी फुकटात मुंबईचा भाव कलकत्त्याला कळवू लागला असता, तर तारखात्याचे उत्पन्न बुडाले असते. दुसरे कारण उत्पन्नाचे नव्हते, धाकाचे होते. ज्याच्या हातात प्रक्षेपक आहे तो सरकारला न विचारता दूरवर बोलू शकतो, ही गोष्ट कोणत्याच सरकारला कधी मनापासून आवडलेली नाही. ज्या वाचकांनी पोस्टात रांगेत उभे राहून घरच्या साध्या रेडिओचे लायसन्स भरले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. नुसते ऐकण्यालाही आपल्याकडे ऐंशीच्या दशकापर्यंत परवाना लागत होता. बोलणे तर फार पुढची गोष्ट.

मी स्वतः परवानाधारक नाही, ऐकणारा आहे. गेली काही वर्षे सकाळच्या वेळी ४० मीटरच्या पट्ट्यावर ही बोलणी ऐकतो, आणि जमेल तसा त्यांचा इतिहास गोळा करतो. अनोळखी माणसाला हे बोलणे विलक्षण कंटाळवाणे वाटेल. तुमचा आवाज इथे किती स्पष्ट येतो, अँटेना किती उंच आहे, पाऊस झाला का, संच किती वॅटचा. मग निरोपाचे ‘सेव्हंटी थ्री’, आणि पुढचा माणूस. ठरावीक वेळी अनेक केंद्रे एकत्र येतात तेव्हा त्याला ‘नेट’ म्हणतात. एक जण नियंत्रक होतो, हजेरी घेतो आणि त्याने नाव पुकारल्याशिवाय दुसरा कोणी बोलत नाही. हजेरी संपते आणि बोलण्यासारखे कोणापाशी काही नसते. तरी दुसऱ्या दिवशी सगळे परत हजर. या निरर्थक दिसणाऱ्या शिस्तीचा उपयोग काय, हा या लेखाचा विषय आहे.

‘हॅम’ हे नाव तारमास्तरांच्या बोलीतले. कडकट्ट करताना ज्याचा हात अडखळतो अशा अनाडी तारवाल्याला अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हॅम म्हणून हिणवत. पुढे बिनतारी आली, पोरेसोरे घरी यंत्रे जुळवून हवेत गोंगाट करू लागली, आणि धंदेवाईक चालकांनी तीच शिवी त्यांना बहाल केली. त्यांनी ती बिरुदासारखी लावून घेतली.

शिवीबरोबर त्यांना जागाही टाकाऊच मिळाली. अमेरिकेच्या १९१२ सालच्या रेडिओ कायद्याने हौशी लोकांना २०० मीटरपेक्षा आखूड तरंगलांबीच्या लहरींवर हाकलले. मोठ्या कंपन्या आणि आरमार लांब लहरी वापरत; आखूड लहरी दूर जात नाहीत, त्या कुचकामी आहेत, अशी जाणकारांची पक्की समजूत होती. गावकुसाबाहेरची नापीक जमीन द्यावी तसे हे दान. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या लेओं देलुआ या हौशी चालकाने सुमारे ११० मीटरच्या लहरींवर अटलांटिकपलीकडच्या दोन अमेरिकन हौशींशी दुतर्फा बोलणे करून दाखवले, तेव्हा ती जमीन सोन्याची निघाली. जमिनीला धरून जाणाऱ्या लांब लहरी शक्ती खात खात मरतात. आखूड लहरी वर जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि हजारो किलोमीटरवर उतरतात. हे एकदा कळल्यावर कंपन्यांनी आणि सरकारांनी तिकडे धाव घेतली, हे सांगायलाच नको. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हौशींच्या वाट्याला काही अरुंद पट्टे नेमून दिले गेले. ४० मीटरचा आणि २० मीटरचा पट्टा हे त्यांतलेच.

आपत्तीशी या मंडळींचा संबंध त्याहून जुना. मार्च १९१३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात महापूर आला, तारा तुटल्या. तेव्हा कोलंबस आणि अॅन आर्बर इथल्या विद्यापीठांतले विद्यार्थी आणि आसपासचे घरगुती बिनतारीवाले अन्ननिवाऱ्याचे निरोप पोहोचवत राहिले. पुढल्या वर्षी हायरम पर्सी मॅक्सिम या हार्टफर्डच्या इंजिनिअरला तीसेक मैलांवरच्या स्प्रिंगफील्डच्या एका केंद्राशी बोलायचे होते, निमित्त एका व्हॉल्व्हच्या खरेदीचे. त्याचे यंत्र तिथवर पोचेना. वाटेतल्या एका हौशी चालकाने निरोप पुढे दिला. साधीच गोष्ट, पण मॅक्सिमने त्यातून ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ उभी केली. त्या नावातला ‘रिले’ शब्द महत्त्वाचा. पूर्वीच्या आपल्या जासुदांच्या डाकेसारखाच हा प्रकार : एकाची धाव जिथे संपते तिथे दुसरा उभा असला पाहिजे. १९३५ मध्ये या लीगने आणीबाणीसाठी स्वयंसेवकांची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि लगेच १९३६-३७ च्या पुरांत त्या यादीची गरज पडली.

भारतात पहिला हौशी परवाना १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना मिळाला, असे या क्षेत्राच्या इतिहासात नोंदले जाते. तिसाव्या दशकाच्या मध्यापर्यंत देशभरात पन्नासही परवानाधारक नव्हते, आणि त्यांतले बहुतेक फौजेतले इंग्रज अधिकारी. १९३३ चा बिनतारी कायदा आला. त्याने यंत्र नुसते बाळगण्यालाही परवाना आवश्यक केला. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सर्वांना लेखी हुकूम गेले : प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करा.

सगळ्यांनी सगळे भाग जमा केले नसावेत. कारण ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांची कथा आता पुस्तकांतून आणि चित्रपटातूनही आली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. पण तिच्यामागची तांत्रिक बाजू सहसा दोन ओळींत उरकली जाते. विद्यार्थ्यांपाशी धैर्य होते, प्रक्षेपक नव्हता. तो उभारून देणारे नरिमन प्रिंटर यांच्याकडे युद्धापूर्वी हौशी परवाना होता. घोषणेत केंद्राची तरंगलांबी ४२.३४ मीटर अशी सांगितली जाई. म्हणजे हौशी लोकांच्या सवयीच्या ४० मीटर पट्ट्याच्या ऐन आसपास. चौपाटीपासून महालक्ष्मीपर्यंत जागा बदलत ते केंद्र चालले. वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलपे होती. अशा वेळी आष्टी-चिमूरला काय घडले ते या केंद्रावरून सांगितले गेले. विदर्भातल्या दोन गावांची हकिगत गिरगावात बसून देशाला सांगणे, हेही आणीबाणीतले संदेशवहनच होते. फक्त आणीबाणी सरकारनेच आणलेली होती.

१२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला. तंत्रज्ञानेच पोलिसांना ठिकाण दाखवले, असे उषाबेन पुढे सांगत. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ मध्ये त्या येरवड्याहून सुटल्या. हौशी रेडिओच्या गौरवग्रंथांत काँग्रेस रेडिओचे पान असते, पण हे वाक्य नसते. मला ते गाळावेसे वाटत नाही. यंत्र जुळवण्याचे कसब आणि पोलिसांपुढे टिकण्याचे बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि छंदातून पहिलीच मिळते.

युद्धानंतर परवाने पुन्हा सुरू झाले. मे १९४८ मध्ये महूच्या सैनिकी सिग्नल शाळेत हौशींची पहिली अखिल भारतीय संघटना निघाली. स्वतंत्र सरकारने नियम जवळजवळ तसेच ठेवले. १९७० पर्यंत देशातले परवानाधारक हजारही नव्हते. लष्कराच्या भंगारातून आलेले व्हॉल्व्हचे संच, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एकेक करून जमवलेले सुटे भाग, आणि त्यातून वर्ष-दोन वर्षांत उभा राहिलेला घरगुती प्रक्षेपक : त्या पिढीचे बहुतेक केंद्र असेच. संच आयात करायचा तर जकात संचापेक्षा जड. १९८४ च्या सुमारास ती माफ झाली. राजीव गांधी स्वतः परवानाधारक होते, हा योगायोग नव्हे.

मधल्या काळात त्या क्षुल्लकपणाच्या कलमाला पहिला मोठा धक्का बसला तो युरोपात. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र वादळाने उसळला. नेदरलँड्समध्ये अठराशेहून अधिक माणसे बुडाली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेच्या वर. बंधारे फुटले, टेलिफोन मेले. दोन्ही किनाऱ्यांवर हौशी चालक मदतीला उभे राहिले. पण इंग्लंडमधल्या चालकाला दुसऱ्या कोणाचा निरोप पुढे देणे परवान्याने मनाईचे होते. ‘मी बोलतो आहे’ हे चालत होते. ‘शेजारच्या बाई गच्चीवर अडकल्या आहेत, त्यांचा निरोप घ्या’ हे बेकायदा. त्याच वर्षी तिथे ‘रेनेट’ ही आपत्कालीन संघटना स्थापन झाली आणि पुढे परवान्याच्या अटीही सैल झाल्या. आंतरराष्ट्रीय नियमावलीत मात्र हा बदल २००३ च्या जिनिव्हा परिषदेपर्यंत रखडला. संकटात आणि मदतकार्यात हौशी केंद्र परक्याचा निरोप देशाबाहेर पाठवू शकते, हे तेव्हा कुठे स्पष्ट शब्दांत आले. म्हणजे बुडणाऱ्याचा निरोप महत्त्वाचा असतो, हे कागदावर यायला पन्नास वर्षे लागली.

किल्लारी, ओडिशाचे महाचक्रीवादळ, भूज : गेल्या शतकाच्या शेवटच्या आणि या शतकाच्या पहिल्या वर्षांत हैदराबादची ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ’, गुजरातमधली संस्था आणि ठिकठिकाणचे क्लब यांचे लोक आपले संच, बॅटऱ्या आणि तारा घेऊन अशा जागी गेले. ते नेमके काय करतात, याबद्दल बऱ्याच भाबड्या समजुती आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

संच साधारण मोठ्या शब्दकोशाएवढा. शक्ती शंभर वॅट, म्हणजे जुन्या काळच्या एका झगझगीत बल्बाएवढी. चालतो मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. अँटेना म्हणजे ४० मीटर पट्ट्यासाठी सुमारे वीस मीटर तांब्याची तार, मधोमध तोडून तिथे केबल जोडलेली. ती कशावर बांधायची हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नवा असतो, कारण पडझडीत उंच असे फारसे काही उरलेले नसते. यात एक मौज आहे. गप्पांसाठी हौशी चालक अँटेना शक्य तितकी उंच नेतो, कारण त्याला परदेश गाठायचा असतो. आपत्तीत मात्र जिल्ह्याचे ठिकाण आणि राजधानी गाठायची असते, शंभर-दोनशे किलोमीटर. मग तीच तार मुद्दाम खाली, पुरुष-दीड पुरुष उंचीवर ताणतात. लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि पावसासारख्या आसपासच्या मुलखावर पडतात. डोंगर मध्ये असला तरी अडत नाही. दुपारी चालणारा पट्टा रात्री चालत नाही. अंधार पडला की ४० मीटर सोडून ८० वर उतरावे लागते. हे पुस्तकात आहेच. पण त्या रात्री तिथे ते हातात असावे लागते, आणि हातात येते ते रोजच्या त्या बिनमहत्त्वाच्या गप्पांतून.

दुसरी गोष्ट नावांची. मदतकार्यातले बरेचसे संदेश म्हणजे नावे आणि आकडे. खरखरीत आवाजात ‘कांबळे’ आणि ‘तांबोळे’ यांत फरक कळत नाही, आणि इथे फरक जिवाचा असतो. म्हणून नाव रोमन अक्षरांत फोडून सांगतात : किलो, अल्फा, माइक, ब्राव्हो, लिमा, एको. पलीकडचा तसेच परत म्हणून दाखवतो. संदेशाला क्रमांक असतो, वेळ असते, शब्दसंख्या असते. पोचलेले शब्द मोजून जुळले नाहीत तर पुन्हा मागवायचे. एका वेळी एकानेच बोलायचे, नियंत्रकाने नाव घेतल्यावरच. पन्नास घाबरलेली माणसे एका वाहिनीवर एकदम बोलू लागली तर एकही वाक्य पोचत नाही. सकाळच्या नेटवरची ती कंटाळवाणी हजेरी इथे कामाला येते.

आता थोडे तारतम्य. भूजला किंवा किल्लारीला हौशी चालकांनी ‘सर्व संपर्क सांभाळला’ अशी वाक्ये स्मरणिकांत आढळतात. ती खरी नाहीत. लष्कराचा सिग्नल विभाग होता, पोलिसांची बिनतारी होती, दूरसंचार खात्याचे लोक होते. मोठा भार त्यांनीच उचलला. प्रश्न असा आहे की त्यांच्या यंत्रणेवर कोणता निरोप जातो. ट्रक किती, तंबू किती, रस्ता कुठे तुटला, मंत्री कधी येणार. बिनतारी मोकळी नसते आणि निरोपांना क्रम लावलेला असतो. त्या क्रमात ‘माझा मुलगा जिवंत आहे का?’ हा प्रश्न सर्वांत खाली असतो, किंवा नसतोच. यात कोणाचा दुष्टपणा नाही. सरकारी यंत्रणेच्या हिशेबात तो निरोप खरोखरच बिनमहत्त्वाचा आहे. हौशी केंद्रापुढे रांग लागते ती या निरोपांची. त्या कलमाने त्यांना जे बोलायची मुभा दिली होती, तेच हे : खासगी, आणि सरकारी तारेच्या लायकीचे नसलेले.

हे सर्वांत ठळकपणे दिसले ते अंदमानात.

हौशी चालकांना देश आणि बेटे ‘गोळा’ करण्याचा नाद असतो. जगाच्या प्रत्येक कोपऱ्याशी एकदा तरी बोलायचे आणि त्या केंद्राचे पोचकार्ड भिंतीवर लावायचे. अंदमान-निकोबारची गणना त्यांच्या यादीत भारताहून वेगळी होते आणि तिथला आवाज अतिशय दुर्मीळ होता. कारण उघड आहे. बेटे मोक्याची, नौदलाचा तळ, २००१ पासून तिन्ही दलांचे संयुक्त मुख्यालय तिथे, शिवाय संरक्षित आदिवासी मुलूख. तिथे खासगी प्रक्षेपक लावू देणे म्हणजे गृहखात्याच्या पोटात गोळा. १९८७ नंतर परवानगी मिळाली नव्हती. दिल्लीत राहणाऱ्या भारती प्रसाद (कॉलसाइन व्हीयू टू आरबीआय) यांनी हैदराबादच्या संस्थेतर्फे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि डिसेंबर २००४ मध्ये, सतरा वर्षांनी, ती मिळाली. महिन्याच्या सुरुवातीला त्यांची तुकडी पोर्ट ब्लेअरला पोचली. एका हॉटेलात केंद्र थाटले आणि रात्रंदिवस जगभरच्या लोकांशी त्या ओझरत्या भेटी सुरू झाल्या : तुमचा आवाज आला, धन्यवाद, पुढचा. हजारोंनी. कोणत्याही व्यवहारी माणसाने विचारले असते की सरकारची परवानगी, विमानभाडे आणि झोप खर्चून हे कशासाठी?

२६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राचा तळ फाटला. पोर्ट ब्लेअर हादरले, मग पाणी आले. दक्षिणेकडच्या निकोबार बेटांवर संहार झाला. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला, आणि देशाच्या दक्षिण टोकाचा, इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ जमिनीसकट काही मीटर खचला. टेलिफोन गेले, वीज गेली. मुख्य भूमी बाराशे किलोमीटरवर. त्या क्षणी त्या बेटांवर जगभर पोचणारे, चालू, महिनाभराच्या वापराने पारखलेले आणि सरावलेल्या हातांतले एक हौशी केंद्र होते. काही तासांत त्यांनी मुख्य भूमीवरच्या चालकांशी संपर्क जोडला. छंदाच्या भेटी थांबल्या आणि २० मीटरच्या पट्ट्यावर नावे जाऊ लागली.

पर्यटक, जवान, सरकारी नोकर, व्यापारी : अंदमानात प्रत्येक प्रांताचा माणूस असतो. चेन्नई, हैदराबाद, दिल्ली, जिथे कुठे ऐकणारा हौशी चालक असेल तिथे तो नाव आणि घरचा फोन नंबर टिपून घेई आणि स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खर्चाने, त्या अनोळखी घरी फोन लावी. उलट दिशेने चौकशा येत. तुकडीतल्यांनी पुढे कार निकोबारलाही केंद्र लावले. अशा कामाचा एक भाग कोणत्याच अहवालात येत नाही : ज्याच्याबद्दल ‘सापडत नाही’ एवढेच सांगायचे आहे, त्याच्या घरी फोन करणारा कोण? तोही एखादा बँकेतला कारकून किंवा दुकानदार असणार, संध्याकाळी घरी येऊन हेडफोन लावणारा. अशा वेळी काय बोलावे याचे प्रशिक्षण त्याला कोणी दिलेले नसते.

त्याच दिवसांत श्रीलंकेत व्हिक्टर गुणतिलके यांनी तीन हौशी चालक हंबनटोटाला पाठवले, आणि कोलंबोत पंतप्रधानांच्या निवासातल्या नियंत्रण कक्षाचा त्या उद्ध्वस्त किनाऱ्याशी संपर्क काही काळ त्यांच्या लघुलहरींवर टिकला. तिथे प्रक्षेपक थेट सरकारच्या घरातच जाऊन बसला. आपल्याकडे तसे झाले नाही. पण सरकारचा सूर बदलला, हे नक्की. एप्रिल २००६ मध्ये त्याच पोर्ट ब्लेअरला, जिथे सतरा वर्षे एकाला परवानगी मिळत नव्हती, हौशी चालकांचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. त्यानंतर काही महिन्यांत लक्षद्वीपचेही दार उघडले. दरम्यान मे २००५ मध्ये ‘इस्रो’ने ‘हॅमसॅट’ हा खास हौशींसाठीचा छोटा उपग्रह सोडला होता. त्यावरचा एक प्रक्षेपक डच विद्यार्थ्याने बनवलेला होता, दुसरा भारतीय. तो २०१४ पर्यंत चालला.

मोबाइल आल्यावर हे सगळे कशाला, असे विचारणाऱ्याला मुंबईकराने २६ जुलै २००५ ची आठवण द्यावी. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ज्या रात्री प्रत्येकाला घरी फोन करायचा होता त्याच रात्री फोन मुके झाले. मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तासांच्या. एका मनोऱ्यावर एका वेळी बोलू शकणारी माणसे मोजकी. आणि मनोरे एकमेकांशी ज्या केबलने जोडलेले, ती पाण्याखाली. मोबाइलच्या खिशातल्या यंत्रामागे मैलोगणती यंत्रणा उभी असते, ती दिसत नाही एवढेच. दोन हौशी केंद्रांच्या मध्ये फक्त आकाश असते. उपग्रहफोन आता आपत्ती दलाकडे असतात, ते उत्तमच आहे. पण पुन्हा तेच : त्या फोनवर तुमच्या आईचा निरोप जाईल का?

आता परवान्याविषयी. बारा वर्षांवरील कोणाही नागरिकाला परीक्षा देता येते. मोर्स शिकण्याची सक्ती खालच्या श्रेणीला नाही. कागदपत्रे केंद्रीय खात्याकडे जातात, पोलिसांकडून चौकशी होते, आणि परवाना हाती यायला किती काळ जाईल हे सांगता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने परीक्षा उत्तीर्ण होऊन इतकी वाट पाहिली की मध्ये त्याची नोकरी, गाव आणि हौस तिन्ही बदलले. कोणत्या कचेरीत कागद अडकला होता ते त्यालाही कळले नाही. दुसरीकडे बाजारात मिळणारे स्वस्त चिनी वॉकीटॉकी परवान्याशिवाय सर्रास वापरले जातात. ते पकडायला हवेत. पण रीतसर येणाऱ्याला वर्षभर ताटकळत ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. १८८५ चा तारकायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला आहे. ज्या तारेच्या उत्पन्नाचे रक्षण करण्यासाठी क्षुल्लकपणाचे कलम लिहिले गेले, ती तार तर २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. हौशी मात्र अजून बोलत आहेत.

त्यांच्या कामाचा एक शांत प्रकार बंगालमध्ये चालतो. मकरसंक्रांतीला गंगासागरच्या यात्रेत लाखो लोक येतात आणि त्यात म्हातारी माणसे हरवतात. काहींना हरवू दिले जाते. पश्चिम बंगालमधल्या रेडिओ क्लबचे स्वयंसेवक तिथे केंद्र लावून असतात. सापडलेल्या म्हातारीला पत्ता सांगता येत नाही, भाषाही इथली नसते. मग तिच्याशी बोलत बसायचे. नदी कोणती, बाजार कोणत्या वारी, देवळात देव कोणता, बस कुठून मिळते. तिची बोली ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या राज्यांतल्या चालकांना ऐकवायची. कोणीतरी ओळखतो की ही बोली अमुक जिल्ह्याची. मग त्या जिल्ह्यातला चालक पंचायतीला, पोलिसठाण्याला, किराणा दुकानाला फोन करत सुटतो. कधी काही तासांत, कधी महिन्यांनी गाव सापडते. मुलगा येतो, आईला घेऊन जातो. आणि काही वेळा गाव सापडते, घर सापडते, फोनही लागतो, आणि घरचे न्यायला यायला तयार नसतात.